मन रमवा म्हणणाऱ्यांनो, आधी तुमच्या पेन्शनचा आकडा सांगा

निवृत्तीनंतर मन कसं रमवावं, यावर आमच्या नगर जिल्ह्यात व्याख्यानांचा सुकाळ आहे. ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन असो, कारखान्याच्या कॉलनीतला गणेशोत्सव असो, की कुणाचा सेवापूर्तीचा समारंभ असो. एक वक्ते येतात आणि सांगून जातात. छंद जोपासा, सकाळी फिरायला जा, मुलांच्या संसारात लुडबुड करू नका, अपेक्षा कमी ठेवा, दुसरी इनिंग आनंदात घालवा. ही व्याख्यानं मी समोर बसून ऐकली आहेत आणि दर वेळी मला एकच विचारावंसं वाटलं आहे : सर, तुमची पेन्शन किती? वक्ते बहुतेक वेळा निवृत्त प्राध्यापक असतात, नाहीतर निवृत्त अधिकारी. महागाई भत्ता वाढला की त्यांची पेन्शन वाढते. समोर बसलेल्यांत साखर कारखान्यातला पॅनमन असतो, मिल फिटर असतो, एसटीचा कंडक्टर असतो, एमआयडीसीतला टर्नर असतो. त्यांची पेन्शन दोन-तीन हजारांच्या घरात असते आणि मरेपर्यंत तेवढीच राहणार असते. अशा माणसाला ‘अपेक्षा कमी ठेवा’ म्हणून सांगणं हा निर्लज्जपणा आहे.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण लिहितोय ते एका कारखान्यापुरतं नाही. हजेरी, पाळ्या, रजा, ओव्हरटाइम, पगारपत्रक, फंडाची कपात, सगळं माझ्या टेबलावरून गेलं. कोण किती वर्षं राबला, त्याच्या नावावर किती भरलं गेलं आणि शेवटी त्याच्या हातावर काय पडलं, हे मी आकड्यांत पाहिलं आहे. म्हणूनच हा उपदेश माझ्या गळी उतरत नाही. निवृत्त कामगाराचं मन कुठे मोडतं ते मला ठाऊक आहे. नातवाच्या खाऊसाठी सुनेकडे पैसे मागावे लागतात, तिथे मोडतं. मेडिकलच्या काउंटरवर ‘अर्धीच पट्टी द्या’ म्हणावं लागतं, तिथे मोडतं. भावकीतल्या लग्नात आहेराची वेळ आली की मांडवातून काढता पाय घ्यावा लागतो, तिथे मोडतं. याला मनाची दुर्बलता म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या खात्यावर महिन्याला दहा हजार रुपये जमा करून पाहावेत. त्याचं मन कसं रमतं ते त्यांनाच दिसेल.

आधी हिशेब मांडतो, कारण व्यासपीठावरून तो कुणी मांडत नाही. साखर कामगार, एसटी कामगार, एमआयडीसीतला कामगार, सहकारी बँकेतला शिपाई, या सगळ्यांची पेन्शन एकाच योजनेतून येते. कर्मचारी पेन्शन योजना १९९५. आमच्याकडे सगळे तिला ईपीएस-९५ म्हणतात. १६ नोव्हेंबर १९९५ ला ती लागू झाली. मालक फंडात जो बारा टक्के वाटा भरतो, त्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात. केंद्र सरकार वर १.१६ टक्के घालतं. पण हे टक्के खऱ्या पगारावर मोजले जात नाहीत, त्याला मर्यादा आहे. आधी पाच हजार, २००१ पासून साडेसहा हजार, १ सप्टेंबर २०१४ पासून पंधरा हजार. त्यानंतर वेतन करार झाले, पगार बदलले, महागाईने कळस गाठला, पंधरा हजारांची रेघ तिथेच राहिली.

आता सूत्र. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. योजना सुरू झाली तेव्हा कामावर असलेला आणि जुलै २०१४ ला निवृत्त झालेला फिटर घ्या. साडेसहा हजार गुणिले १९, भागिले ७० : १,७६४ रुपये. १९९५ च्या आधीच्या नोकरीपोटी त्यात काहीशे रुपये जोडले जातात. म्हणजे दोन-सव्वादोन हजार. त्याचा खरा पगार तेव्हा याच्या कितीतरी पट होता, पण सूत्राला त्याच्याशी देणंघेणं नाही. पंधरा हजारांच्या मर्यादेत पुरी पस्तीस वर्षं भरणाऱ्यालाही साडेसात हजारांच्या वर जाता येत नाही. त्यावर महागाई भत्ता नाही. २०१४ ला ठरलेला आकडा आजही तोच. माणूस गेला की विधवेला त्याच्या निम्मे. किमान पेन्शन एक हजार रुपये, तीही १ सप्टेंबर २०१४ पासून जिथल्या तिथे.

या हजार रुपयांची लाज वाटावी म्हणून दोन-चार आकडे शेजारी ठेवतो. राज्य सरकारची श्रावणबाळ योजना निराधार म्हाताऱ्याला महिन्याला दीड हजार देते. लाडक्या बहिणीला जुलै २०२४ पासून दीड हजार मिळतात. हे मिळायलाच हवेत, माझी त्याबद्दल तक्रार नाही. आमच्याच घरातल्या लेकीबाळींना ते मिळतात. पण ज्याच्या नावावर मालकाने दरमहा रक्कम भरली, ज्याने आयुष्यभर कष्ट केले, त्याच्या पेन्शनची हमी निराधाराच्या मदतीपेक्षा कमी असावी, हा कुठला न्याय? आणि दुसऱ्या टोकाला पाहा. महाराष्ट्राच्या माजी आमदाराला एका मुदतीपोटी महिन्याला ५० हजार पेन्शन आहे, पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षासाठी वर दोन हजार. माजी खासदाराची पेन्शन एप्रिल २०२३ पासून ३१ हजार झाली. त्यांची वाढ सभागृहात चर्चेविना होते. आमची मागणी आली की तिजोरीवर ताण पडतो.

या आकड्यांनी माणसामाणसांत काय होतं ते माझ्या गल्लीत रोज दिसतं. आमचे नाना मिल फिटर होते. त्यांच्या शेजारी गुरुजी राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. दोघं एका वर्गात शिकले, एका वर्षी निवृत्त झाले. नानांना नोकरी लागली तेव्हा गावाने त्यांनाच भाग्यवान म्हटलं होतं. कारखान्यात पगार होता, बोनस होता, क्वार्टर होतं, साखरेची पिशवी होती. गुरुजींच्या पगाराला तेव्हा कोणी विचारत नव्हतं. आज गुरुजींच्या खात्यावर शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता येतो. नानांच्या खात्यावर दोन हजारांवर काहीशे येतात. संध्याकाळी मारुतीच्या पारावर दोघं बसायचे. चहा आलटूनपालटून व्हायचा. नानांची पाळी आली की खिसा चाचपण्याची वेळ येऊ लागली आणि नानांनी पारावर येणंच सोडलं. गुरुजींनी निरोप धाडला, ‘नाना, पैशाचं काय घेऊन बसलात, या की.’ नाना गेले नाहीत. मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, ‘फुकटचा चहा गोड लागत नाही हो.’ आता सांगा, नानांनी कुठला छंद जोपासावा?

गुरुजींवर माझा राग नाही. त्यांना मिळतं ते हक्काचं आहे, आणि सगळ्यांना तेच मिळायला हवं. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या त्यांच्याच पोरांची जुनी पेन्शन सरकारने काढून घेतली, त्याविरुद्ध मार्च २०२३ मध्ये राज्यभरचे सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. आठवडाभर कचेऱ्या ओस पडल्या आणि सरकारला समिती नेमावी लागली. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेने नगरचं जिल्हाधिकारी कार्यालयही दणाणलं. त्या गर्दीत ईपीएसच्या म्हाताऱ्यांसाठी एक शब्द निघाला नाही. हे मला खुपलं आणि ते मी लिहून ठेवतो. संघटित माणसाने आपल्यापुरतं मागितलं, शेजारच्या क्वार्टरमधल्या माणसाला सोबत घेतलं नाही.

एसटीवाल्यांची गत तीच. राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून सुटली ती आमच्या नगरला आली. एसटीचा इतिहास आमच्या माळीवाडा बसस्थानकाच्या उल्लेखाशिवाय पुरा होत नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, चांगली गोष्ट आहे. पण जो चालक रात्र-रात्र घाट चढवत होता, डेपोतल्या ढेकणांच्या खाटेवर मुक्काम करत होता, त्याला ईपीएसचीच पेन्शन. नगर-दौंड रस्त्यावर ज्यांच्या हातांनी तयार झालेली लुना मोपेड देशभर गल्लोगल्ली फिरली, त्या कामगारांच्या म्हातारपणाचा हिशेबही याच सूत्राने झाला. भागिले ७०.

आता घरात या. इथे मला माझ्याच भावंडांना चार शब्द सुनवायचे आहेत. आपली नोकरी सुटली म्हणून सगळं गाव हळहळतं, पण बायकोची नोकरी कधी सुटत नाही. पहिली पाळी असली तर ती भल्या पहाटे डबा करायची, तिसरी असली तर दिवसा पोरांना गप्प बसवायची म्हणजे याला झोप मिळेल. तिच्या नावावर ना फंड, ना ग्रॅच्युइटी, ना पेन्शन. आणि हा निवृत्त होऊन घरी बसला की हिच्या स्वयंपाकघरात साहेबगिरी सुरू करतो. गॅस मोठा का, भाजी किती आणली, दूध उतू कसं गेलं. कारखान्यात हाताखाली चार हेल्पर होते, ते सुटले म्हणून आता बायकोला हेल्पर करतो. हे बंद करा. खिसा रिकामा झाल्याचा राग तिच्यावर काढण्याचा तुम्हाला काडीचा अधिकार नाही. ती तुमच्या आधीपासून रिकाम्या खिशाने संसार करते आहे. आणि तुमच्यामागे तिच्या हाती निम्मी पेन्शन राहणार आहे, हे लक्षात ठेवा. दोन हजारांची निम्मी हजार. त्यात तिची मधुमेहाची गोळी आणि विजेचं बिल दोन्ही बसत नाहीत. सत्तरी पार केलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळू लागलं, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येतं. रोजच्या गोळ्या रोख पैशाने घ्याव्या लागतात. म्हणून आमच्या गल्लीतल्या कितीतरी म्हाताऱ्या रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतात आणि डॉक्टरांना रोज घेतो म्हणून सांगतात.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो कसा मिळतो ते व्याख्यात्यांनी एकदा ई-सेवा केंद्रात बसून पाहावं. रस शुद्ध करण्याच्या विभागात चुन्यावर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस येतो. चुन्याने त्याच्या बोटांची कातडी गुळगुळीत झालेली असते. केंद्रावरचा पोरगा त्याचा अंगठा यंत्रावर ठेवतो. लाल दिवा. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा ठेवतो. लाल दिवा. ‘आजोबा, दुसरं बोट. जोरात दाबा. जरा ढिलं सोडा.’ दहाही बोटं होतात. मग मोबाइलवर चेहरा दाखवायचा, तर एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि दुसरा उघडत नाही. मागे रांग तुंबलेली. पोरगा भला असतो, रागावत नाही, पण त्यालाही दुसरी गिऱ्हाइकं असतात. म्हातारा हात पाठीमागे लपवून बाकावर बसून राहतो. ज्या चुन्याने साखर पांढरी झाली त्याच चुन्याने याच्या बोटांच्या रेघा खाल्ल्या, आणि त्या रेघा नाहीत म्हणून त्याची दोन हजारांची पेन्शन अडते. या अपमानावर कुठल्या योगासनाचा उतारा आहे ते मला कुणीतरी सांगावं.

हे झालं महिन्याच्या पेन्शनचं. निवृत्तीच्या वेळी एकरकमी जे मिळतं त्याची कथा आमच्या जिल्ह्यात आणखी वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही. इथे एकाच घराण्याच्या हातात कारखाना असतो, कामगारांची पतसंस्था असते, तालुक्याची बँक असते, कॉलेज असतं, दवाखाना असतो, डेअरी असते. कामगाराला कारखान्यातून फंड आणि ग्रॅच्युइटी मिळते. मिळाल्याच्या आठवड्यात पतसंस्थेचा मॅनेजर घरी येतो. बँकेपेक्षा दीड टक्का जास्त देतो म्हणतो. ‘आपलीच संस्था आहे, साहेबांचा शब्द आहे.’ उरलेल्यातून धाकट्याला शिक्षणसंस्थेत चिकटवण्यासाठी डोनेशन जातं, तेही त्याच घराण्याच्या वाड्यावर. मग एक लग्न, एक बोअर, घरावर एक मजला. वर्षभरात आयुष्याची कमाई जिथून आली तिथे परत जाते. गाईचं दूध काढून तिलाच पाजावं, तसा हा व्यवहार आहे. फरक इतकाच की इथे गाय दुसऱ्याची असते आणि कष्ट आपले.

आणि संस्था बुडाली की साहेबांचा शब्द कुठेच सापडत नाही. नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक ही १९१० सालची. शंभर वर्षांची बँक म्हणून लोकांनी डोळे झाकून ठेवी ठेवल्या. कर्जवाटपातल्या घोटाळ्यांनी ती पोखरली गेली आणि ४ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, तोही फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी तो एक लाखाचाच होता. पाच लाखांच्या वरचं अडकलं की अवसायकाच्या दारात खेटे. पाच लाखांच्या वर एकरकमी ठेव कुणाची असते? नुकत्याच निवृत्त झालेल्याची असते, त्याच्याकडे दुसरं काही नसतं. आणि पतसंस्थेच्या ठेवीला तर तो विमाही नाही. एक रुपयाचाही नाही. हे आमच्या खेड्यापाड्यातल्या दहा ठेवीदारांतल्या नऊजणांना माहीत नसतं, कारण पतसंस्थेची पाटी बँकेसारखी असते, काउंटर बँकेसारखा असतो, पासबुकही बँकेसारखंच असतं. ठेव घेताना मॅनेजर ही गोष्ट सांगत नाही. ही सरळ फसवणूक आहे आणि सहकार खातं ती वर्षानुवर्षं बघत आलं आहे.

ज्यांना फंड-ग्रॅच्युइटी वेळेवर मिळते त्यांची ही गत. ज्यांना मिळतच नाही त्यांचं काय? १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा सांगत आला की देय झाल्यापासून तीस दिवसांत रक्कम द्या, उशीर झाला तर व्याज द्या. मी असे कामगार पाहिले आहेत ज्यांना शाल-नारळ मिळाला, भाषण मिळालं, आणि ग्रॅच्युइटीचे हप्ते चार-चार वर्षं चालले. व्याजाचं नाव कुणी काढलं नाही. राहुरीच्या डॉ. तनपुरे कारखान्याच्या कामगारांना थकलेल्या देण्यांसाठी उपोषणाला बसावं लागलं, हे सगळ्या जिल्ह्याने पाहिलं. हंगामी कामगाराची थट्टा तर कायद्यातच आहे. कायम कामगाराला वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो, हंगामी माणसाला हंगामामागे सात दिवसांचा. गळीत हंगामात दोघं एकाच मिलवर, एकाच उष्णतेत, एकाच पाळीत उभे असतात.

मग कुणी तक्रार का करत नाही? साधा अर्ज करता येतो, वकीलही लागत नाही. कारण मी सांगतो. निवृत्त झालेल्याचा मुलगा त्याच कारखान्यात रोजंदारीवर असतो. पुतण्या पतसंस्थेत क्लार्क असतो. सून साहेबांच्या शाळेत विनाअनुदानित तुकडीवर असते. बापाने अर्ज केला की पोराला उद्यापासून येऊ नको म्हणतात. जिल्ह्याच्या सहकाराने म्हाताऱ्यांची तोंडं अशी त्यांच्या पोरांच्या भाकरीने बंद केली आहेत. विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी प्रवरानगरला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ च्या सुमारास पहिलं गाळप झालं आणि शेतकरी मालक झाला. ती थोर गोष्ट होती आणि या जिल्ह्याचा मला तेवढ्यासाठी अभिमान आहे. पण ज्याने बॉयलर पेटता ठेवला त्याच्या म्हातारपणाची तरतूद या सहकाराच्या मनात कधी आली नाही. सभासदाला साखर, कामगाराला नारळ.

युनियनवाल्यांनाही सोडत नाही. प्रत्येक वेतन कराराच्या वेळी पगारवाढीचे टक्के छापून आले, फटाके फुटले. खऱ्या पगारावर पेन्शनचा वाटा भरण्याची तरतूद योजनेत होती, तो पर्याय मालक आणि कामगाराने मिळून द्यायचा होता. किती युनियनांनी कामगारांना हे समजावलं? ४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने वाढीव पेन्शनचा निकाल दिला तेव्हा लोकांना ही तरतूद कळली. अर्ज भरायला ११ जुलै २०२३ पर्यंत मुदत मिळाली. मग जुनी पगारपत्रकं हवी होती. ती कुठे होती? गोदामात, बारदानाखाली, वाळवीच्या पोटात. आणि जे १ सप्टेंबर २०१४ च्या आधी पर्याय न देताच निवृत्त झाले होते, त्यांना निकालाने काहीच दिलं नाही. नाना त्यातलेच. सर्वोच्च न्यायालयात आपण जिंकलो की हरलो, ते त्यांनी मला दोनदा विचारलं.

दिल्लीला हे सगळं माहीत नाही असं कुणी म्हणू नये. भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असलेल्या राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच किमान पेन्शन तीन हजार करा, असं लिहून दिलं होतं. सरकारने वर्षभरानंतर हजारावर तोडगा काढला. पुढे कोश्यारी महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, राज्यपालपदावरून गेलेही, त्यांच्या समितीची शिफारस तिथेच पडून राहिली. बुलढाण्याला कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली ईपीएसच्या म्हाताऱ्यांनी २४ डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषण मांडलं. साडेसात हजार किमान पेन्शन, त्यावर महागाई भत्ता, पती-पत्नीला मोफत औषधोपचार, अशा मागण्या. पाऊण कोटीहून जास्त पेन्शनर या योजनेत आहेत. मंत्री भेटतात, निवेदन घेतात, ‘सकारात्मक आहोत’ म्हणतात. त्या सकारात्मकतेची वाट पाहत आमच्या गल्लीतले किती गेले, ते मी मोजत नाही.

आता जे अजून कामावर आहेत त्यांना सांगतो. फंडाचं पासबुक आजच मोबाइलवर उघडा आणि दरमहा भरणा होतो का बघा. नावात, जन्मतारखेत, बापाच्या नावात चूक असेल तर टाइम ऑफिसला आत्ताच दुरुस्त करायला लावा. निवृत्तीनंतर तुम्हाला कुणी ओळखणार नाही. वारसाचं नाव टाका. एकरकमी पैसा हाती आला की घरी आलेल्या मॅनेजरला चहा पाजा आणि रिकाम्या हाताने परत पाठवा. पोस्टात जा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के दराने दहा लाखांवर तिमाहीला २०,५०० रुपये येतात, म्हणजे महिन्याला ६,८००च्या वर. ईपीएसच्या तिप्पट. ते खातं बायकोसोबत जोडीने उघडा. पोराने डोनेशनसाठी तगादा लावला तर नाही म्हणा. बाप म्हणून तुमचं कर्तव्य त्याला शिकवण्याचं होतं, त्याची नोकरी विकत घेण्याचं नव्हतं. आणि ग्रॅच्युइटी तीस दिवसांत मिळाली नाही तर अर्ज करा. चार-पाचजण मिळून करा, म्हणजे एकट्याच्या पोरावर सूड उगवता येणार नाही.

आणि नगर, शिर्डी या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांना, जिल्ह्याच्या बारा आमदारांना उघड विचारतो. तुमच्यातल्या कितीजणांनी ईपीएस-९५ वर सभागृहात एक प्रश्न मांडला? तुमच्या प्रचारसभेला जागा भरायला ट्रॅक्टर-ट्रॉलीतून जी म्हातारी माणसं येतात, त्यातल्या अर्ध्यांचा पगार तुमच्याच कारखान्यांनी दिला होता. किमान पेन्शन साडेसात हजार, त्यावर महागाई भत्ता, विधवेला पूर्ण पेन्शन, पतसंस्थेतल्या ठेवींना विमा, आणि ग्रॅच्युइटी थकवणाऱ्या कारखान्याच्या संचालकांना निवडणूकबंदी. या पाच गोष्टींवर हो किंवा नाही सांगा, लेखी सांगा. पुढच्या वेळी मत मागायला याल तेव्हा आमच्या दारात हाच कागद आधी मागितला जाईल.